रिकामा परत आलेला डबा

हे मी आईला विचारून लिहिते आहे. तिने होकार दिला आणि वर अट घातली, "माहं रडगाणं नोको करू. अन् नाव लिव. सुनंदा. लपवाले आता काही राह्यलं नाही."

तर माझ्या आईचं नाव सुनंदा. वय पन्नाशीला टेकलेलं, घर अकोल्यात. तिला स्तनाचा कर्करोग झाला, उपचार अमरावतीत झाले, आता ती तपासणीपुरती दवाखान्यात जाते. औषधांबद्दल डॉक्टर माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला सांगायचं आहे ते या आजाराभोवती उभ्या केलेल्या भिंतीबद्दल, आणि ती आमच्या घरात कोणी उभी केली त्याबद्दल. मला तेव्हा राग आला होता. तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

बाकावर

मी अमरावतीत खोली घेऊन राहते. नांदगाव पेठेला एका कापड कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. रिपोर्ट आला त्या दिवशी बाबा आईला घेऊन अकोल्याहून आले. आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि बाबांकडे बघून म्हणाले, "पेशंटला थोडं बाहेर बसू द्या."

पेशंट म्हणजे आई. जिच्या छातीत गाठ होती ती. ती निमूट उठली, पर्स काखेत धरली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पुरुषांचं बोलणं सुरू झालं की बैठकीतून उठून स्वयंपाकघरात जायची, अगदी तशी.

मी म्हटलं, "तिलाच सांगा ना."

"बायका घाबरतात हो," डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले.

मीही बाईच होते. पण माझ्यासमोर बोलायला त्यांना अडचण नव्हती, कारण गाठ माझी नव्हती.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "साधी गाठ आहे. औषधाने लहान करायची आणि मग काढून टाकायची."

आईने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साध्या गाठीले इतका वेळ लागते काय सांगाले?"

मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. तो शब्द स्पष्ट उच्चारला. तिने काखेतली पर्स मांडीवर घेतली. पुढे जे बोलली ते मी जन्मभर विसरणार नाही. "बरं. मंदाले सांगा लागन. या सालची पयली पारी आपल्या घरची हाय."

बाबा म्हणाले, "मंदाला नाही. कोणालाच काही सांगायचं नाही."

पत्रकांचं घर

बाबा निवृत्त शिक्षक, चळवळीतला माणूस. आमच्या कपाटात साड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी अक्षरं पाटीवर शिकले असेन, पण वाचायला शिकले ते बाबांच्या पत्रकांवर. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, दारूविरुद्ध. एकाचा मथळा मला आजही पाठ आहे: 'भगिनींनो, दुखणे अंगावर काढू नका, बोला!' त्या पत्रकाच्या घड्या आईने घातल्या होत्या. रात्रीची भांडी आवरून झाल्यावर ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून पदराला हात पुसायची आणि गठ्ठे लावायची.

तोच माणूस आता कारणं देत होता. दादाच्या लग्नाचं बोलणं सुरू आहे. आईला कॅन्सर म्हटलं की मुलीकडचे मागे सरतील. शिवाय लोक दया दाखवायला येतात, त्यांचं चहापाणी कोण करणार?

मग गोष्ट रचली गेली. सुनंदा परतवाड्याला बहिणीकडे गेली आहे, बहिणीचे गुडघे धरलेत. माझ्या मावशीच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. ती बाई आजही भरलेल्या जीपच्या टपावर सामान चढवते.

मी बाबांशी भांडले. आई म्हणाली, "जाऊ दे. त्याईले वाटते तसं होऊ दे." आणि माझ्या खोलीवर राहायला आली.

पारी

मंदामावशी आईची सख्खी बहीण नाही. दोन गल्ल्या सोडून राहते. तिसरी नसरीनआपा, कपडे शिवते. आमच्याकडे उन्हाळा लागला की कुरोड्या, शेवया, पापड होतात, आणि ते एकटीचं काम नाही. गहू भिजत घालायचे, ते आंबले की वाटून त्यांचा चीक काढायचा, पहाटे तो मोठ्या पातेल्यात घोटायचा, ऊन चढायच्या आत सोऱ्याने कुरोड्या घालायच्या. म्हणून एक दिवस एकीच्या घरी, दुसरा दुसरीच्या. यालाच या तिघी पारी म्हणतात. नसरीनआपाचं शेवयांचं हातमशीन तिन्ही घरांत फिरतं. मी शाळेत होते तेव्हापासून हे चालू आहे.

वर्षभर या बायका घराच्या बाहेर बसतात त्या फक्त याच दिवसांत. बाबांना रोज संध्याकाळी चौकातल्या चहाच्या हॉटेलात मित्र भेटतात. प्रत्येक चौकात मित्रमंडळाची पाटी असते. बायकांनी एकमेकींकडे जायचं तर हातात काहीतरी काम लागतं, निदान कुरोड्यांचं निमित्त लागतं. नुसतं 'मैत्रिणीकडे चालले' म्हणून उठणारी पन्नाशीची बाई तुम्ही पाहिली आहे का?

आणि या वर्षी आई पारीला नव्हती. न येणं एकवेळ चालतं. न सांगता न येणं म्हणजे अपमान. मंदामावशीचे फोन येत राहिले. आई फोन हातात धरून बसायची, तो वाजून थांबायचा. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची बंदी होती. शेवटी मंदामावशीने बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "ती कामात आहे."

त्यानंतर फोन आला नाही.

बर्फाचा खडा

केमोचा दिवस असा असतो: सकाळी रक्त द्यायचं, पेशी पुरेशा आहेत का ते कळेपर्यंत बसायचं, मग नाव पुकारतात. आत रेलायच्या खुर्च्यांची रांग, प्रत्येकीशेजारी सलाईन. एक औषध लाल रंगाचं असतं. बायका त्याला सरबत म्हणायच्या.

बाळापूरकडच्या एका बाईंनी आईला पहिल्याच दिवशी शिकवलं, "सरबत चालू झालं का बर्फाचा खडा तोंडात धरजो बाई. फोड कमी येतात."

आईने हळूच विचारलं, "तुमच्या घरी म्हाईत हाय?"

"घरी हाय. माहेरी नाही सांगतलं."

पलीकडची म्हणाली, "माह्या तं सुनेलेच नाही म्हाईत. तिले वाटते मी लेकीच्या बाळंतपणाले आली."

"कोनाचं बाळंतपण व या वयात? लेकीचं का तुहं?"

त्या हसल्या, सुया सांभाळत हसल्या. मी मात्र दाराशी उभी राहून मोजत होते. त्या खोलीतल्या कितीतरी बायका कुठे ना कुठे गेलेल्या होत्या. कोणी लेकीकडे, कोणी तीर्थाला, कोणी शेतावर. गावोगाव त्यांच्या नावाने गोष्टी रचलेल्या, आणि खऱ्या बायका इथे एका खोलीत बसून बर्फ चघळत होत्या.

बाबांच्या एका मित्राच्या हृदयात नळी बसवली होती. तेव्हा त्यांच्या मंडळींनी चौकात फ्लेक्स लावला, मोठ्या फोटोसकट: 'भाऊ, लवकर बरे व्हा.' भाऊंचं हृदय चौकात लावता येतं. बाईची छाती मात्र घराण्याची अब्रू असते.

केस गेले तेव्हा आई रडली नाही. उशीवरचे गोळा करून पुडीत बांधले आणि म्हणाली, "बरं झालं, तेल वाचलं." अन्न जाईना तेव्हाही रडली नाही. एका दुपारी मात्र ग्लानीत असताना म्हणाली, "मंदा रागावली असन माह्यावर." तिला मरायची भीती वाटत होतीच. पण मंदाच्या मनात वाईट होऊन मरायची भीती त्याहून मोठी होती.

डबा

दोन केमोंच्या मधल्या दिवसांत आईला घरी जायचं होतं. बाबांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही अंधार पडल्यावर रिक्षाने गल्लीत शिरलो, चोरासारख्या. दारातल्या कट्ट्यावर एक स्टीलचा डबा होता. झाकणावर आईचं नाव कोरलेलं. संक्रांतीला तिने त्यातून मंदामावशीकडे तिळाचे लाडू पाठवले होते.

आईने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. डबा धुऊन, पुसून लख्ख.

ज्यांना हे समजणार नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, चार दाणे तांदूळ घालतात. रिकामा डबा परत आला म्हणजे देणंघेणं संपलं. त्यानंतर बोलायचं काही उरत नाही.

आई तिथेच कट्ट्यावर बसली आणि रडली. निदानाच्या दिवशी रडली नव्हती, केस गेले तेव्हा रडली नव्हती, ते सगळं आता आलं.

बाबा म्हणाले, "डबाच तर आहे. परत आला ना?"

आईने पदराने तोंड पुसलं. मी तिचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "इतके वर्स तुमच्या पत्रकाईच्या घड्या मीनं घातल्या. बाईनं बोलू नये असं कोन्त्या पत्रकात होतं, तेवढं एक मले काढून दाखवा."

बाबा दादाच्या लग्नाचं काहीतरी पुटपुटले. मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला. इतके दिवस त्याच्या नावावर सगळं चाललं होतं, पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "माझ्या नावावर कशाला खपवता? मी केव्हा म्हटलं लपवा म्हणून?"

मला चेव आला. मी चप्पल घातली. "मी आत्ता जाऊन सांगते मंदामावशीला."

"थांब," आई म्हणाली. "दुखनं माहं हाय. तुह्या बापानं ते दाबून ठेवलं, आता तू ते वाटत फिरू नोको. मी जाईन."

मी चप्पल काढली. पत्रकांत वाढलेल्या माणसाला वाटतं की सत्य आपण सांगितलं की झालं. ते कोणाचं आहे आणि कोणी सांगायचं, हे मला आईने त्या कट्ट्यावर शिकवलं.

गच्चीवर

दुसऱ्या दिवशी पहाटे मंदामावशीकडे पारी होती, हे गल्लीत पसरलेल्या आंबूस वासावरून कळत होतं. आईने डब्यात मूठभर साखर घातली. डोक्याला रुमाल बांधला. दोन गल्ल्या चालायला तिला तीनदा थांबावं लागलं, पण माझा हात तिने धरला नाही.

गच्चीवर चुलीवर पातेलं रटरटत होतं. नसरीनआपा प्लॅस्टिकचा कागद अंथरत होती. मंदामावशी चीक घोटत होती. तिने मान वर केली नाही.

"आली काय व, परतवाड्याची पाटलीन? झाले काय बहिनीचे गुडघे बरे?"

"मंदे..."

"मंदे नोको म्हनू मले. पयली पारी तुह्या घरची. आमी वाट पाहून राह्यलो, अन् तुहा नवरा म्हन्ते, ती कामात हाय. आमी काय रिकामटेकड्या हाओ?"

आईने डबा कठड्यावर ठेवला आणि रुमाल सोडला.

नसरीनआपाच्या तोंडून "या अल्ला" एवढंच आलं. मला वाटलं, आता मंदामावशी धावत येऊन मिठी मारेल. ती आली, पण चिकाने भरलेला लाकडी दांडा हातात तसाच, आणि आईसमोर उभी राहून ओरडली.

"कधीपासून?"

"शिवरात्रीच्या आंधी."

"अन् आता सांगून राह्यली? मरून गेली असती तं कोनं सांगतलं असतं मले? माही पिशवी काढली तवा माही सासू नाकाले पदर लावून बसली होती. माहे लुगडे कोनं धुतले? तूनं धुतले. मी तुले म्हंतलं होतं काय का मी परतवाड्याले गेली म्हनून?"

"त्याईनं..."

"त्याईचं मले सांगू नोको! तुह्या तोंडाले काय कुलूप होतं?"

"होतं," आई म्हणाली. मग अगदी हळू, "फोडं आलेत मंदे तोंडात. पानी पन जात नाही."

मंदामावशी वळली. चुलीपाशी गेली, वाटीत चीक घेतला, तिखट-मीठ काही न घालता वरून तेलाची धार सोडली, फुंकर घालून घालून निववला. "खाय. उलसं उलसं खाय."

चीक मऊ असतो, जिभेला टोचत नाही. आईने ती वाटी संपवली. कित्येक दिवसांत तिने संपवलेली ती पहिली वाटी. मंदामावशी समोर उकिडवी बसून प्रत्येक घास जाताना बघत होती. नसरीनआपाने रुमाल उचलला, कडा तपासल्या आणि म्हणाली, "किस ने सिया ये? धागे निकल रहे. मी सुती शिवून देते, टोचनार नाही."

वाटी खाली ठेवल्यावर मंदामावशीचा पुढचा प्रश्न होता, "सुई कधी हाय पुढची?" आणि माझ्याकडे वळून, "तुले नोकरी हाय न व पोट्टी? तू जाय नोकरीवर. एक सुई एकीची. मशीन फिरते तसं फिरू आमी."

पेशंटचे कोण

तशा त्या फिरल्या. मंदामावशी नवऱ्याशिवाय कधी गाडीत बसली नव्हती. पहिल्या खेपेला अमरावतीजवळच्या बडनेऱ्याऐवजी वाटेतल्या मूर्तिजापूरलाच उतरली, कारण डब्यातली गर्दी उतरली. नवऱ्याने फोनवर सांगितलं, तिथूनच परत ये. ती म्हणाली, "आता निंगाली तं पोहोचूनच येते," आणि पुढच्या गाडीने आली. आता ती मूर्तिजापूरचा फलाट कसा आहे हे दवाखानाभर सांगते.

नसरीनआपाला पहिल्या दिवशी दारातल्या माणसाने अडवलं. "पेशंटचे कोण तुम्ही?"

"मैत्रीण."

"नातेवाईक पाहिजे. बहीण, जाऊ, असं काही."

"बहीन लिवलं तं मानसान का तुमी? नाव पाहून हसान. मैत्रीण हाय, मैत्रीण लिवा."

त्याने लिहिलं नाही. पण आत सोडलं. मला आजही त्या दाराचा राग येतो. ज्या नवऱ्यांनी बायकोला तीर्थाला पाठवल्याची गोष्ट रचली ते नातेवाईक, आणि जिने उलटीचं तसराळं धरलं ती कोणी नाही!

पुढे शस्त्रक्रिया झाली, एक स्तन काढला. घरी आल्यावर आई आरशासमोर जाईना. नसरीनआपाने आतून खिसा असलेलं पोलकं शिवलं, त्यात कापूस भरला. कापूस वर सरकायला लागला तेव्हा तळाशी मोहरीची लहान पुरचुंडी बसवली. मंदामावशी म्हणाली, "चांगलं झालं. कोठीही फोडनी द्याले तयार." आई इतकी हसली की टाके दुखले.

त्या दोघींनी मग स्वतःची तपासणी करून घेतली. मंदामावशीच्या नवऱ्याने विचारलं, काही होत नसताना कशाला? ती म्हणाली, "व्हायची वाट पाहू काय?"

बाबांनी माफी मागितली का, असं मला विचारतात. शब्दांत नाही. एक दिवस चहा पिताना म्हणाले, "सुनंदा, या विषयावर एक पत्रक काढायला पाहिजे."

"काढा," आई म्हणाली. "पन घड्या तुमी घाला."

त्यांनी घातल्या. मी बघितलं आहे. पण मला त्यांचं कौतुक करायचं नाही. स्वतःच्या पत्रकाची घडी स्वतः घालणं हे मोठेपण नसतं.

तुमच्या घरात कोणी आजारी असेल आणि 'कोणाला सांगू नका' असं चाललं असेल, तर एकच विचारा: हे तिने सांगितलं आहे का? ती म्हणाली असेल तर गप्प राहा, तो तिचा हक्क आहे. बाकी कोणी म्हणालं असेल तर तिला विचारा, तिची मंदा कोण आहे. प्रत्येकीची एक असते. नवऱ्याला, मुलांना तिचं नाव आठवायला वेळ लागेल. तिला लागणार नाही.

राहिला डबा. साखर घातलेला तो डबा त्या पहाटेपासून मंदामावशीकडेच आहे. आई अधूनमधून मागते. परवा तपासणीचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा दारात उभ्याउभ्या पुन्हा म्हणाली, "मंदे, माहा डबा दे न व."

"रिकामा देत नाही," मंदामावशी म्हणाली. "एकदा देऊन पस्तावली."

"मंग भरून दे."

"भरून उन्हाळ्यात देईन. कुरोड्यानं. न्यायले तूच येजो. पोट्टीले धाडशीन तं देनार नाही."

आईने पदर खोचला. "यावं लागन मंग," ती म्हणाली.